लालासाहेबांचा गळका ऑइल स्विच

लालासाहेबांना ऐकू येत नाही, हे आष्ट्यात चार-पाच वर्षं कुणालाच कळलं नाही. त्यांच्या बायकोला, बनुबाईंना तेवढं ठाऊक होतं.

लष्करात ते तोफा ओढणाऱ्या गाड्यांवर ड्रायव्हर होते. पासष्टच्या लढाईत तोफांच्या अगदी जवळ राहावं लागलं, आणि नंतर बरेच दिवस त्यांच्या कानात एक बारीक शिट्टी वाजत राहिली. शिट्टी कमी झाली तशी बाकीचे आवाजही कमी होत गेले. पेन्शनीवर घरी आले तेव्हा उजव्या कानाशी कुणी ओरडून बोललं तर शब्द कळायचे, डाव्या कानाला तेवढंही नाही. पण गावात कुणाला शंका आली नाही. लष्करातला माणूस, कमी बोलायचाच, असं लोक धरून चालले. मागून हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, तर माणसं म्हणत, फौजेत राहून जरा ताठलाय गडी.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास त्यांनी सांगलीतल्या एका डॉक्टरांची जुनी काळी विलायती मोटार विकत घेतली आणि एस.टी. स्टँडबाहेर भाड्यानं लावली. आष्ट्यात तेव्हा भाड्याच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. लग्न असो, आजारपण असो, कोर्टाची तारीख असो, लोक त्यांच्याकडे येत. ते कुठं जायचं हे गाडीत बसण्याआधीच विचारून घेत, समोर उभं राहून, बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत. गाडीतला आरसा त्यांनी असा फिरवून ठेवला होता, की मागच्या सीटवरच्या माणसांची तोंडं दिसावीत. कुणी काही बोलतंय असं दिसलं की गाडी जरा हळू करायची, वळून बघायचं आणि "काय म्हणालासा?" असं विचारायचं. लोकांना ती अदब वाटे.

रस्ता डोळ्यांनी दिसत होता. इंजिनाची धडधड तळपायाला आणि स्टिअरिंगवरच्या हाताला कळत होती. पण इंजिनाचे सगळेच बिघाड असे अंगाला कळत नाहीत. साधा ड्रायव्हर टॅपेटचा टकटकाट ऐकतो, तेल कमी पडल्यावर इंजिन कोरडं खडखडायला लागतं ते ऐकतो, आणि गाडी बाजूला घेतो. लालासाहेबांना हे जमणार नव्हतं. त्यांची सगळी भिस्त डॅशबोर्डवरच्या एका लाल दिव्यावर होती. चावी फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब आला की विझायचा. चालत्या गाडीत तो लागला तर समजायचं की तेल नाही, गाडी तिथल्या तिथं बंद करायची. या दिव्याला खबर देणारा लहानसा ऑइल स्विच इंजिनाच्या बाजूला स्क्रूसारख्या आट्यांवर बसवलेला असतो. सुपारीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याच्या डोक्यातून एक वायर निघून दिव्याकडे जाते.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गाडीखाली तेल पडायला लागलं. बनुबाई सकाळी अंगण झाडायच्या तेव्हा त्यांना काळा डाग दिसायचा. त्या त्यावर राख टाकत आणि हातवारे करून नवऱ्याला दाखवत. लालासाहेबांनी आधी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. मग तेल साठतं त्या खालच्या चेंबरचे नट आवळले. डाग काही थांबला नाही.

कारण एका लग्नाच्या भाड्यात सापडलं. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या पांढऱ्या धोतरावर गुडघ्याशी तेलाचे ठिपके पडले. म्हातारा वैतागला. लालासाहेबांनी खाली वाकून पाहिलं, तर डॅशबोर्डच्या खालून येणारी वायर तेलानं भिजलेली. जुन्या गाडीतली वायर, वरून सुताचं वेष्टण. स्विचच्या डोक्यातून झिरपलेलं तेल त्या सुतात शिरलं होतं आणि पणतीतल्या वातीत चढावं तसं वायरीतून चढत थेट दिव्यापर्यंत आलं होतं. इंजिनातलं तेल माणसांच्या बैठकीत आलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

सांगलीत कृष्णात नावाचा मेकॅनिक त्यांच्या ओळखीचा होता. वयानं त्यांच्याहून लहान, हात चांगला, आणि बोलायची भारी हौस. त्याच्या गॅरेजात लेथ होतं, म्हणून त्याच्याकडे कायम यंत्राची घरघर चालू असायची. त्या घरघरीत सगळेच एकमेकांशी ओरडून बोलत, त्यामुळे लालासाहेबांना तिथं बरं वाटायचं.

कृष्णातनं स्विच काढला, आट्यांना ताग गुंडाळला, त्यावर सफेदा थापला आणि परत घट्ट बसवला. आट्यांतून येणारं तेल थांबलं, पण चावी फिरवल्यावर लाल दिवा लागेना. दोघंही बराच वेळ वायर तपासत बसले. शेवटी कृष्णातच्याच लक्षात आलं. या स्विचला एकच वायर, दुसरी वाट इंजिनाच्या लोखंडातून. ताग आणि सफेद्याच्या थरामुळे स्विचचं अंग लोखंडाला टेकतच नव्हतं. त्यानं सगळं खरवडून काढलं आणि पुन्हा पाना लावला. त्या जोरात स्विचचं काळं डोकं तडकलं. आधी थेंब पडत होते, आता धार लागली.

"नवा मिळंल का?" लालासाहेबांनी विचारलं.

"कुठला मिळायचा? विलायती गाडी. माल यायचा बंद हुऊन जमाना झाला." कृष्णातनं एक बोल्ट उचलून त्यांच्यापुढं धरला. "ह्यो ठोकतो तिथं. भोक बंद, गळती बंद."

"आन् दिवा?"

"दिव्याचं काय घिऊन बसलाय गड्या? तेल रोज काडी घालून बघायचं. आन् रस्त्यात कमी पडलंच तर इंजिन वरडून सांगतंयच की. तुला काय कान न्हाईत व्हय?"

कृष्णात हसत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. लालासाहेबांनी ते शब्द त्याच्या ओठांवर वाचले आणि क्षणभर त्यांना वाटलं, सांगून टाकावं. गॅरेजात आणखी दोन ड्रायव्हर उभे होते, त्यातला एक आष्ट्याकडचाच. बहिऱ्याच्या गाडीत कोण बसणार? त्यांनी मान हलवली. "ठोक," म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बनुबाईंना सगळं सांगितलं. बनुबाईंनी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"आवं, त्येला खरं का सांगितलं न्हाई?"

"सांगून काय हुनार? गाडी उभी ऱ्हाईल."

"उभी ऱ्हाईली तर ऱ्हाऊ दे. रस्त्यात इंजिन वरडलं तर तुमी न्हाई ना उभं ऱ्हानार."

 त्या दिवसापासून लालासाहेब प्रत्येक भाड्याच्या आधी आणि नंतर काडी घालून तेल बघायला लागले. कासेगावला चहाला थांबले तरी बॉनेट उघडायचे. लोकांना गंमत वाटायची. एवढं करूनही गाडी चालवताना त्यांचे डोळे सारखे त्या दिव्याकडे जायचे, तो आता कधीच लागणार नाही हे माहीत असूनही.

पावसाळा सरल्यावर रंगूबाईंचं भाडं आलं. रंगूबाई म्हणजे आष्ट्यातल्या पेठेतल्या विधवा बाई, सगळ्यांवर सारख्याच करड्या. त्यांची मुलगी सुलाबाई कराडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. बाळ-बाळंतिणीला घरी आणायचं होतं. सकाळी लालासाहेब रंगूबाईंना घेऊन कराडला गेले. दुपारी निघताना मागच्या सीटवर गाद्या, उशा, बोचकी असं एवढं सामान रचलं गेलं की आरशात दुपट्यांच्या ढिगाशिवाय काही दिसेना. दोघी बायका त्या ढिगाआड बसल्या होत्या, मांडीवर बाळ. लालासाहेबांनी आरसा दोन-तीनदा फिरवून बघितला आणि सोडून दिला.

कासेगाव मागं पडलं. रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली होती. एक मोठा दगड चाकाखालून उडून गाडीच्या पोटाला लागला. तो दणका लालासाहेबांना पायाला जाणवला, पण खडीत असे दणके बसतच होते. त्या दगडानं चेंबर फुटला होता. तेल रस्त्यावर सांडत चाललं होतं, आणि पुढं काळा, विझलेला दिवा.

थोड्या वेळानं इंजिन खडखडायला लागलं; खडीच्या हादऱ्यांत ते लालासाहेबांच्या पायाला वेगळं कळेना. सुलाबाईंनी आधी ऐकलं, मग रंगूबाईंनी. रंगूबाई म्हणाल्या, "आवं, कायतरी वाजतंय." उत्तर नाही. मग त्या मोठ्यानं बोलल्या, मग ओरडल्या. खडखडाट वाढून आता घणाचे घाव पडल्यासारखा आवाज यायला लागला. बाळ दचकून रडायला लागलं. पुढं बसलेला माणूस शांतपणे समोर बघत गाडी चालवत होता. सुलाबाई नंतर सांगायच्या, त्या आवाजापेक्षा त्यांना त्या स्थिर मानेचीच जास्त भीती वाटली होती.

रंगूबाईंनी गाद्यांवरून हात घालून त्यांचा खांदा धरला आणि हलवला. लालासाहेबांनी चमकून मागं पाहिलं, पाय ब्रेककडे नेला, आणि त्याच वेळी इंजिन एक हिसका देऊन जागच्या जागी जाम झालं. गाडी घसरत रस्त्याच्या कडेला उसाच्या बांधाशी थांबली. कुणाला लागलं नाही. इंजिनातून जळक्या तेलाचा धूर येत होता.

रंगूबाई खाली उतरल्या, त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्या कवापास्नं वरडतीया. तुमी बहिरं हाय का?"

बाईंना ते रागानं म्हणायचं होतं. लालासाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय."

रंगूबाई एक पाऊल मागं सरल्या. मग त्यांचा राग परत आला, आधीपेक्षा जास्त. "तान्हं पोर हाय गाडीत. बाळंतीण हाय. आन् तुमी आमाला असं घिऊन निगालासा? आदी सांगायचं न्हाई?"

"सांगाय पायजे हुतं," लालासाहेब म्हणाले.  त्यांनी सामान उतरवलं, उसाच्या सावलीला गादी टाकून बाळंतिणीला बसवलं आणि रस्त्यात उभं राहून एक ट्रॅक्टर थांबवला. त्याच्या ट्रॉलीत उसाचा पाला पसरून त्यांना पेठ नाक्यापर्यंत पाठवलं. स्वतः गाडीजवळ बसून राहिले.

ते घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बनुबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पायांवर पाणी घातलं, जेवायला वाढलं. लालासाहेब दोन घास खाऊन म्हणाले, "समद्यास्नी कळलं आता."

बनुबाई कानाशी वाकून म्हणाल्या, "कळलं ते बरं झालं. घरात मोठ्यांदा बोलायला मला लाज वाटायची, लोक ऐकतील म्हणून. आता वरडायला मोकळी झाले."

त्यावर ते हसले. त्या दिवसात हसायचं काही कारण नव्हतं, पण हसले.

गाडी ओढून सांगलीला नेली. कृष्णातला सगळं कळलं होतं. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि हातातलं फडकं चोळत राहिला. मग अगदी जवळ येऊन सावकाश, ओठ उघडून बोलला, "मला सांगायचं हुतंस. म्या बोल्ट ठोकला नसता."

"म्हनूनच सांगितलं न्हाई," लालासाहेब म्हणाले.

कृष्णातनं ते इंजिन मनावर घेतलं. बेअरिंगं गेली होती, शाफ्टवर चरे पडले होते. काम रेंगाळलं, पुढचा उन्हाळा आला. पण सगळ्यात जास्त डोकं त्यानं त्या भोकावर चालवलं. ट्रकचा ऑइल स्विच बाजारात मिळत होता, पण त्याचे आटे जाड, गाडीचं भोक बारीक. त्यानं लेथवर पितळेचा एक जोड कातला, एका बाजूला बारीक आटे, दुसऱ्या बाजूला जाड. मध्ये घालायला तांब्याचं वॉशर घेतलं, ते भट्टीत लाल करून पाण्यात विझवलं, म्हणजे ते मऊ पडतं आणि दाबलं की फटीत नीट बसतं. ताग नाही, सफेदा नाही, धातूला धातू. पहिला जोड गळला. दुसराही थोडा पाझरला. तिसरा त्यानं बसवला आणि दिवसभर इंजिन चालू ठेवून मधून मधून त्याखाली कागद धरून बघितलं. कागद कोरडा राहिला. जुनी भिजलेली वायर काढून प्लॅस्टिकची नवी घातली. चावी फिरवली की दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. लालासाहेबांनी ते सहा-सात वेळा करून बघितलं.

गाडी स्टँडवर परत आली, पण भाडं येईना. लोक येत, रामराम करत, हातानं खुणा करून तब्येत विचारत आणि एस.टी.ची वाट बघत उभे राहत. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं कुणी बसलं नाही. ज्यांच्याकडे गाडीशिवाय इलाज नव्हता ते इस्लामपूरहून गाडी बोलावत.

असे दिवस गेल्यावर एका सकाळी बनुबाईंनी घराला कडी लावली, डोक्यावर पदर घेतला आणि जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. लालासाहेब बघत राहिले.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबरुबर. मला ऐकू येतंय."

स्टँडवर हशा पिकला. बाई माणूस दिवसभर भाड्याच्या गाडीत बसून राहते, हे कुणी पाहिलं नव्हतं. लालासाहेबांनाही ते जड गेलं. त्यांनी बनुबाईंना घरी जायला सांगितलं. त्या ऐकत नाहीत म्हटल्यावर तोंड फिरवून बसले. बनुबाई शेंगा फोडत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. रिकाम्या गाडीत बसून बसून त्यांनी नवऱ्याला विचारायला सुरुवात केली, कोणता आवाज कशाचा. लालासाहेबांना आवाज आठवत होते. ते तोंडानं काढून दाखवत: टॅपेट असा वाजतो, पट्टा ढिला झाला की असा चिरकतो, तेल संपलं की असं. दोघांना तसे आवाज काढताना पाहून स्टँडवरच्या लोकांना आणखी हसू येई. त्या मग गाडी चालू करायला लावत आणि ऐकत.

पहिलं भाडं रंगूबाईंनीच आणलं. सुलाबाईंच्या बाळाला ताप आला होता, सांगलीला न्यायचं होतं, आणि इस्लामपूरची गाडी आली नव्हती. रंगूबाई गाडीपाशी आल्या, लालासाहेबांकडे न बघता बनुबाईंना म्हणाल्या, "तुला तरी नीट येतं का गं ऐकू?"

"तुमच्या घरातलं भांडान हितनं ऐकू येतंय," बनुबाई म्हणाल्या.

रंगूबाई मागच्या सीटवर बसल्या. वाटेतलं तुंग गाव मागं पडल्यावर बनुबाईंनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. गाडी थांबली. खालून काहीतरी ठण ठण वाजत होतं. लालासाहेबांनी खाली शिरून पाहिलं, सायलेन्सरचा एक पट्टा सुटला होता. त्यांनी तो तारेनं बांधला. किरकोळ काम. पण रंगूबाई सावकाश म्हणाल्या, "बरं झालं." बाळाला सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत ताप उतरला.

त्यानंतर माणसं हळूहळू बसायला लागली. सुरुवातीला बायका जास्त. नवऱ्याबरोबर बाई असलेली गाडी म्हणून माहेरवाशिणींना पाठवायला लोकांना ती बरी वाटे. बनुबाई सगळ्यांशी बोलत, कुणाला कुठं उतरायचं, कुणाला मळमळतंय, हे नवऱ्याला खुणेनं सांगत. एकदा लालासाहेबांनी त्यांना म्हटलं, "दिवा आता नीट चालतूय. तू रोज यायला पायजे असं न्हाई." त्या म्हणाल्या, "दिव्याला फक्त तेलाचं कळतंय." आणि येत राहिल्या.

मीही आष्ट्याचा, त्या गाडीतून पुष्कळदा गेलो आहे. मागं बसलं की त्या दोघांच्या पाठी दिसायच्या, आणि मधूनच एक हात दुसऱ्याच्या दंडाला टेकायचा, मग हॉर्न वाजायचा किंवा गाडी डावीकडे सरायची. नवखा माणूस असेल तर त्याला आधी काही कळायचं नाही.

एकोणऐंशीत रस्त्यांवर जीपगाड्या वाढल्या, लालासाहेबांच्या उजव्या कानानंही काम सोडलं, आणि त्यांनी स्वतः होऊन गाडी विकली. कराडच्या एका हौशी माणसानं घेतली. नंतर ते स्टँडवर नुसतेच येऊन बसायचे. पूर्वी कमी बोलणारा माणूस आता भरपूर बोलायचा, तोफखान्यातल्या गोष्टी, घाटातले प्रसंग. आता त्यांच्याजवळ पाटी आणि खडू असायचा; मी एकदा त्या पाटीवर लिहून विचारलं, गाडीची आठवण येते का?

ते म्हणाले, "गाडीची येती. पर त्या आदीच्या चार वर्सांची येत न्हाई. ऐकू येत न्हाई त्येचा तरास नव्हता रं एवढा. ऐकू आल्यावानी तोंड करून बसायचं, त्येचा हुता. रातीला जबडा दुकायचा."

मग त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली, पुसली आणि परत दिली. "आता तू सांग," म्हणाले, "पोरीचं लगीन कुठं ठरवलंस?" मी लिहायला लागलो आणि ते खडूच्या टोकाकडे बघत वाट पाहत बसले.